क्रम आणि क्रमांक : नाशिकच्या नोटांवरून एक विचार

‘क्रमांक’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. यादीतील सातवी ओळ म्हणजे सहावीनंतरची व आठवीपूर्वीची ओळ, हा एक अर्थ. दुसऱ्या अर्थी क्रमांक हे त्या वस्तूचे नावच होय. यादीला हात लागत नाही तोवर हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात. मधली एक ओळ काढून टाकली की त्यांची फारकत होते. ही फारकत कशी होते हे पाहावयाचे तर नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचे उदाहरण मोठे बोलके आहे.

हिंदुस्थानात सरकारी कागदी चलन १८६१ च्या कायद्याने सुरू झाले. नोटा मात्र दीर्घकाळ विलायतेतून छापून येत. १९२८ मध्ये नाशिकचा छापखाना निघाला आणि १९३२ पर्यंत सर्व किमतींच्या नोटा येथेच छापल्या जाऊ लागल्या. नोटेवरील क्रमांक हे तिचे नाव आहे, हे लोकांनी त्यापूर्वीच ओळखले होते. टपालाने पैसे पाठवावयाचे असता नोट मधोमध कापून एक अर्ध प्रथम धाडीत व त्याची पोच आल्यावर दुसरे रवाना करीत. ही दोन्ही अर्धे एकाच नोटेची, हे पटविण्यास क्रमांकाखेरीज दुसरे साधन ते कोणते?

छापखान्यात मात्र हाच क्रमांक मोजणीचेही काम करतो. पुडक्यात शंभर नोटा; पहिल्या व शेवटच्या नोटेचा क्रमांक पाहिला की मधल्या मोजल्यासारख्याच. आता त्यांतील एक नोट सदोष निघाली असे समजा. ती नुसती काढली तर पुडके नव्व्याण्णवांचे होते. पुढच्या सर्व नोटांचे क्रमांक एकेकाने मागे आणणे अशक्यच. कारण ती प्रत्येकीची नावे आहेत. क्रम अखंड ठेवावयाचा तर त्याच क्रमांकाची दुसरी नोट मुद्दाम छापून तेथे बसविली पाहिजे, म्हणजे एका कागदासाठी सगळा खटाटोप. ऑगस्ट २००६ पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या नव्या नोटा अखंड क्रमानेच निघत. त्यानंतर बँकेने तारांकित मालिका स्वीकारली. सदोष नोटेच्या जागी जी नोट येते तिच्या आद्याक्षरांमध्ये आणि अंकांमध्ये एक तारा असतो. पुडक्यात नोटा शंभरच, पण क्रम सलग नाही, आणि तसे पुडक्याच्या पट्टीवर नमूद केलेले असते. प्रथम १०, २० व ५० रुपयांच्या नोटांना, मागाहून १०० च्या आणि २०१६ मध्ये ५०० च्या नोटांनाही ही रीत लागू झाली. अमेरिकेत ती १९१० पासून होती. म्हणजे नाव राखले, संख्या राखली, आणि क्रमावर पाणी सोडले. माझ्या मते हा सौदा शहाणपणाचा होता. लोकांस मात्र त्या ताऱ्याचा संशय येत राहिला, इतका की अशा नोटा कायदेशीर आहेत असा खुलासा बँकेला जुलै २०२३ मध्ये करावा लागला.

जमिनीच्या दप्तराने दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. सर्व्हे नंबराची वाटणी झाली की त्याखाली हिस्से पडत. मूळ नंबर हलत नसे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे योजना अमलात आली तेथे मात्र नवे गट क्रमांक पडले. तेथील जुना हक्क शोधावयाचा तर जुन्या-नव्या क्रमांकांची जुळणी आधी पाहावी लागते.

आज आपले विद्यार्थी मोडी कागदांच्या याद्या संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये करतात. १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून अशा तक्त्याच्या कडेला जे आकडे दिसतात ते निव्वळ जागेचे. स्वतःचा क्रमांक हाताने घातला तर ओळ काढल्यावर खंड पडतो. ‘वरच्या क्रमांकात एक मिळवा’ असे सूत्र दिले तर ज्या घरावर ते अवलंबून होते तेच नाहीसे होते आणि तेथून खालचे सर्व क्रमांक चुकीची खूण दाखवू लागतात. ओळीची जागा विचारणारे ‘रो’ हे सूत्र वापरून त्यातून शीर्षकाच्या ओळीची जागा वजा केली, तर मात्र कितीही ओळी काढल्या तरी क्रम आपोआप सांधला जातो. हे सोयीचे आहे, आणि येथेच धोका आहे. दुबार नोंद म्हणून एक ओळ काढली की कालचा २१४ वा कागद आज २१३ वा होतो. प्रबंधाच्या तळटीपेत २१४ हाच आकडा राहतो, आणि ती टीप आता भलत्याच कागदाकडे बोट दाखविते. याद्या तारखेवार लावल्या की हाच घोटाळा शतगुणित होतो.

तेव्हा सूत्राचा अनुक्रम मोजणीपुरता एका रकान्यात असावा. दुसऱ्या रकान्यात हाताने घातलेला नोंदक्रमांक असावा, आणि तळटीपेत केवळ तोच द्यावा. काढलेल्या नोंदीचा क्रमांक पुन्हा कोणास देऊ नये. तो वेगळ्या पानावर, काढल्याच्या कारणासह व तारखेसह, लिहून ठेवावा.