मारबत : कागद-कापडाची नागपुरी कला

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद व कापडाचे आवरण आणि वर रंगकाम, अशी नागपूरची मारबत साकारते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून, तर पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची सांगितली जाते. सोबतच्या बडग्यांतून महागाई, भ्रष्टाचार अशा चालू प्रश्नांवर टीका केली जाते. इडापिडा, रोगराई घेऊन जाण्याचे साकडे घालत अखेर या पुतळ्यांचे दहन होते. कित्येक दिवसांच्या मेहनतीची राख होते. जतन करण्याजोगी वस्तू मागे उरत नाही. दरवर्षी सारे नव्याने घडवावे लागत असल्याने ही कला कारागिरांच्या हातांतच जिवंत राहते. ते कौशल्य पुढच्या पिढीकडे गेले, तरच मारबत उभी राहील.