पावसाळ्यातील कुर्ला आणि पावसातले सामने

कुर्ला हे साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाचे गाव. पश्चिमेला मिठी नदी, दक्षिणेला शीवची खाडी आणि पूर्वेला मिठागरांचा पट्टा, असा पाण्याचा शेजार तिन्ही बाजूंनी असल्याने इथली बरीचशी जमीन मुळातच सखल. मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यात जुलैचा वाटा सर्वांत मोठा असतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत उतरते. कुर्ला तिच्या खालच्या टप्प्यात येते. त्यामुळे डोंगराकडचा पाऊस आणि खाडीची भरती, दोन्हींवर नजर ठेवणे कुर्लेकरांना कधी चुकले नाही.

साष्टीवर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा, नंतर मराठ्यांचा आणि १७७४ पासून इंग्रजांचा अंमल होता. पोर्तुगीज काळात उभे राहिलेले आणि १८४८ मध्ये नव्याने बांधलेले होली क्रॉस चर्च ही त्या जुन्या वस्तीची खूण आहे. १८०८ मध्ये कुर्ला आणि आसपासची सहा गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना मुंबईतल्या एका जमिनीच्या मोबदल्यात देण्यात आली. त्या वेळची वस्ती कोळी, शेतकरी आणि मीठ पिकवणाऱ्यांची होती. या तिघांचेही वर्ष पावसाने दोन भागांत कापलेले असे. मिठागरांचे काम कोरड्या दिवसांतले, भातशेतीचे ओल्या दिवसांतले, तर कोळ्यांच्या होड्या पाऊस लागला की किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जात. त्या पुन्हा पाण्यात उतरत नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर.

म्हणून वैशाखापासूनच आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, तयारी सुरू होई. घरावरची कौले फेरून शाकारणी करायची, सरपण कोरड्या जागी रचायचे, बोंबील, जवळा, सोडे वाळवून डब्यात भरायचे, पापड, लोणची आणि मसाला करून ठेवायचा. पुढचे दोन-अडीच महिने ताजी मासळी जवळपास नाही आणि बाजाराची वाट चिखलाची, हे गृहीत धरूनच ही बेगमी होत असे.

चक्रीवादळांचा हंगाम मात्र निराळा. अरबी समुद्रातली वादळे बहुधा पावसाळ्याच्या दोन टोकांना, म्हणजे मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात, आणि त्यांतली बरीचशी ओमान किंवा गुजरातकडे वळतात. मुंबईला त्यांचा थेट तडाखा क्वचित बसतो. नोव्हेंबर १९४८ मधले वादळ हा त्यातला एक मोठा प्रसंग. एरवी कुर्ल्याची गाठ वाऱ्यापेक्षा पाण्याशीच पडत आली.

कुर्ल्याचा मुंबईशी संबंध घट्ट झाला तो शीवच्या बांधामुळे. १७९८ मध्ये सुरू झालेला हा रस्ता १८०५ मध्ये पूर्ण झाला आणि साष्टीहून मुंबई बेटावर जायला होडी लागेनाशी झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी याच भागातून गेली. रेल्वेपाठोपाठ गिरण्या आल्या. धरमसी पुंजाभाईंची कुर्ल्यातली गिरणी एके काळी मुंबई इलाख्यातली सर्वांत मोठी कापड गिरणी होती. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी ती विकत घेऊन ‘स्वदेशी’ नावाने चालवली. १८८१ च्या सुमारास कुर्ल्याची लोकसंख्या दहा हजारांच्या आत होती आणि त्यातले निम्मे लोक गिरणी कामगार होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी धावली, तीही व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला याच मार्गावर.

गिरणी आणि रेल्वे यांनी पावसाळ्याचा अर्थ बदलला. शेतकरी आणि कोळी पावसात आपले काम बदलत. गिरणीचा भोंगा मात्र बारा महिने त्याच वेळी वाजे. चाळीत राहणाऱ्या कामगाराला गुडघाभर पाण्यातूनही पाळी गाठावी लागे. घरात पाणी शिरण्याची चिन्हे दिसली की पलंगाच्या पायांखाली विटा सरकवायच्या, धान्याचे डबे आणि अंथरुणे पोटमाळ्यावर चढवायची, कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत, पुढच्या काळात प्लॅस्टिकच्या पिशवीत, घालून उंच फळीवर ठेवायची, ही रीत घराघरांत बसून गेली. शीव आणि कुर्ला यांच्यामधले रूळ सखल भागातून जात असल्याने जोराच्या पावसात सर्वांत आधी गाडी खोळंबते ती इथेच. भरतीची वेळ वर्तमानपत्रात पाहून घराबाहेर पडण्याची सवय त्यातून लागली.

याच ओल्या महिन्यांत मुंबईने आपले काही खेळही बसवले. पावसाने जमीन मऊ झाली की फुटबॉलचा मोसम सुरू होई. रोव्हर्स चषकाची सुरुवात १८९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश पलटणींच्या संघांपासून झाली. १९११ मध्ये पश्चिम भारत फुटबॉल संघटना स्थापन झाली. हार्वूड लीगच्या सामन्यांत पुढे रेल्वे, गिरण्या आणि कंपन्यांचे संघ उतरू लागले. कूपरेज मैदानाच्या चिखलात आपल्या कारखान्याचा किंवा आपल्या खात्याचा संघ खेळतो आहे, म्हणून पाळी संपवून छत्रीसह मैदान गाठणारा कामगार हा या खेळाचा खरा प्रेक्षक होता.

क्रिकेट हा वास्तविक कोरड्या हवेचा खेळ. तरीही १९४८ मध्ये मुंबईत डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ पावसाळी क्रिकेट लीग सुरू झाली. डॉ. कांगा १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातले खेळाडू आणि नंतर मुंबई क्रिकेटचे कारभारी. इंग्लंडमधल्या ओल्या खेळपट्ट्यांवर आपल्या फलंदाजांची तारांबळ उडे. ती सवय घरच्या पावसात करून घ्यावी, हा या लीगमागचा विचार होता. सामने रविवारी, जुलैपासून पुढे. संघांचे ‘अ’ ते ‘ग’ असे सात गट आणि एकूण सुमारे शंभर क्लब.

कांगा लीगचे नियम आणि डावपेच पावसाने घडवले. खेळपट्टी झाकायची नाही, हे मुख्य तत्त्व. सकाळी पंच मैदानात बोटाने ओल चाचपून पाहत आणि मगच खेळ होणार की नाही ते ठरे. गवत इतके वाढलेले असे की जमिनीलगतचा फटका दहा पावलांवर अडे आणि क्षेत्ररक्षकाला चेंडू शोधावा लागे. त्यामुळे फलंदाज चेंडू उचलून मारायला शिकले. एखादा चेंडू छातीपर्यंत उसळे, तर त्याच टप्प्यावरचा पुढचा चेंडू खाली राही. अशा खेळपट्टीवर पन्नास धावांत डाव आटोपणे नवलाचे नव्हते आणि तीस धावांची खेळी शतकाच्या तोलाची मानली जाई. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये पहिल्यांदा खेळला.

कुर्ल्याच्या तरुणांना या खेळाचे सर्वांत जवळचे ठिकाण माटुंगा. मध्य रेल्वेवर शीवनंतरचे हे स्थानक. तिथल्या दडकर मैदानावर दादर युनियनचा मुक्काम, आणि दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना हा मुंबईतला गाजलेला सामना. एका बाजूला माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, तर दुसऱ्या बाजूला विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील अशी नावे. कसोटीवीर रविवारी पँटला चिखल लावून खेळताना फुकट पाहायला मिळत.

माटुंग्यातलीच रुईया (१९३७) आणि पोदार (१९४१) ही महाविद्यालये एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी. संदीप पाटील रुईयाचे, तर वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदारचे. महाविद्यालयाचे वर्षही पावसाबरोबरच सुरू होते. जूनमध्ये प्रवेश घेतलेला मुलगा पहिल्या काही आठवड्यांतच ‘आपला’ संघ कोणता हे ठरवून टाके आणि टाळ्या, शिट्ट्या, टोमणे यांत सामील होई. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जाई आणि तो १९३५ पासून सुरू असलेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी लढे. १९६० च्या सुमारास विद्याविहारला सोमय्या महाविद्यालय आल्यावर कुर्लेकर विद्यार्थ्यांना पुढच्याच स्थानकावर आपले म्हणता येईल असे मैदान मिळाले.

मैदानाने पाऊस गृहीत धरला, शहराच्या वाढीने मात्र धरला नाही. १९५० मध्ये कुर्ला मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर मिठीच्या काठच्या खाजणात भराव पडत गेला. विमानतळाच्या विस्तारासाठी नदीचे पात्र वळवले गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून खाडीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहू लागले. क्रांतीनगर, बैलबाजार या भागांत नदीला लागून दाट वस्ती झाली. पूर्वी पसरणाऱ्या पाण्याला आता पसरायला जागा उरली नाही. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला ७३ मिलिमीटर. त्यातच दुपारची मोठी भरती आली आणि मिठीचे पाणी कुर्ला, कलिना, साकीनाका भागांत तळमजले बुडवून गेले. गाड्या जागेवर थांबल्या. हजारो लोक लालबहादूर शास्त्री मार्गाने कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर चालत राहिले. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि नदीचे रुंदीकरण, खोलीकरण व काठाच्या भिंतींची कामे हाती घेण्यात आली.

आगोटीच्या तयारीत आता उन्हाळ्यातली नालेसफाई, पत्र्यावर ताडपत्री आणि हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे यांची भर पडली आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले, तेव्हा वादळाच्या सूचनाही त्यात आल्या. कांगा लीग अजूनही भरते. तिचे रविवार मात्र आकाशाचा रंग आणि कुर्ला-शीवच्या रुळांवरचे पाणी पाहूनच पार पडतात.