बार्शी लाइट : पंढरीची लोखंडी वाट

पंढरीची वाट म्हटली की डोळ्यांपुढे पायवाटच उभी राहते. पण गेल्या शतकात जवळजवळ शंभर वर्षे पंढरीला आणखी एक वाट येत होती. ती लोखंडाची होती आणि दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर होते. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे. आता ती उरलेली नाही.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे बार्शीला बाजूला ठेवून गेली. गावापासून वीसएक मैलांवर स्टेशन झाले आणि त्याला 'बार्शी रोड' असे नाव मिळाले. आजचे कुर्डुवाडी ते हेच. बार्शीच्या बाजारपेठेचा माल तिथवर बैलगाड्यांनी जाई. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही अडचण पाहिली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली आणि १८९७ साली, दुष्काळाच्या त्या दिवसांत, बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. १९०६ साली रूळ पंढरपूरला आले, १९११ साली निजामाच्या मुलखातील लातूरला पोचले आणि १९२७ साली मिरजेला जाऊन भिडले. सारा मार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा झाला.

कंपनीने हे पुण्यासाठी केले नव्हते. तिला मालाचे आणि प्रवाशांचे भाडे हवे होते. पण या गाडीच्या रचनेत एक गोष्ट अशी होती, की वारकऱ्याने ती ध्यानात घ्यावी. रूळ हलके होते, त्यांवर जड इंजिन चालणार कसे? कॅल्थ्रॉपने नियम केला की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार कमी केला नाही, तो वाटून दिला. इंजिनाला चाके जास्त दिली आणि प्रत्येक चाकाने आपला वाटा उचलला. म्हणून त्या बारीक रुळांवरून एवढी माणसे, एवढा माल वाहून नेता आला.

या रुळांनी दोन क्षेत्रेही जोडली. एकादशीला पंढरपूर आणि द्वादशीला बार्शीचा भगवंत, अशी परंपरा आहे. अंबरीष राजाच्या व्रताची कथा बार्शीला सांगतात. गाडी आल्यावर एकादशी सोडायला बार्शी गाठणे पुष्कळांना सोपे झाले. मराठवाड्यातील भाविकांना लातूर, मुरुड, ढोकी, येडशी येथून पंढरीकडे निघता येऊ लागले. वारीच्या दिवसांत डबे भरून जात आणि माणसे टपावरही बसत.

गाडीने आलेल्याची वारी ती वारी का, असे कोणी विचारतात. त्या डब्यांत कोण बसत असेल ते आधी पाहावे. गुडघे गेलेली म्हातारी, कडेवर तान्हे मूल असलेली सासुरवाशीण, दोनच दिवसांची रजा मिळालेला गिरणीकामगार, वाफसा आल्यामुळे पेरणीसाठी मागे राहिलेला शेतकरी. पायी वारीची थोरवी मोठीच आहे. पण ती थोरवी चालणाऱ्याने दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी वापरली, तर मैल पायाखाली जातात आणि अहंकार जागच्या जागी राहतो.

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. जिच्यामुळे ती जन्मली, ती अरुंद वाटच पुढे तिला जड झाली. कुर्डुवाडीला आणि मिरजेला गाडी बदलावी लागे, माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. दरम्यान एस.टी. आणि मालमोटारी गावोगाव पोचल्या. २००१ च्या सुमारास कुर्डुवाडी–पंढरपूर ब्रॉडगेज झाले. २००८ मध्ये लातूरकडचे काम पुरे झाले आणि त्याच वर्षी पंढरपूर–मिरज छोटी गाडी थांबली. पुढे तिथेही मोठे रूळ आले.

याचे दुःख फार करू नये. साधन बदलते. लंडनच्या दप्तरातली कंपनी संपली, आणि जिची कुठे नोंदणीच नाही ती वारी चालूच आहे. मात्र त्या छोट्या गाडीचा नियम आपण सांभाळायला हवा. आपल्या दिंडीत भार कोणत्या आसावर पडतो, हे दर वर्षी निघण्यापूर्वी पाहावे. पहाटे तीनला उठून चूल पेटवणारे हात दर साल तेच असतील, पाण्याचे हंडे त्याच चार मायमाउल्या भरत असतील आणि कीर्तनाला पुढे बसणारेही तेच असतील, तर आपले रूळ कुठेतरी वाकले आहेत. ज्या माउलीला चुलीपुढून उठून हरिपाठाला बसता आले नाही, तिच्या हातचे काम एक दिवस आपण घ्यावे. तिलाही विठ्ठलाची आस आहेच.