सतरावें नांव : मुंबई म्युनिसिपालिटीची १९०७ ची निवडणूक

मराठी वाचकाला सर फिरोजशहा मेहता आठवतात ते बहुधा सुरतेच्या मंडपांत. २७ डिसेंबर १९०७ रोजीं राष्ट्रसभेच्या व्यासपीठावर एक दक्षिणी जोडा येऊन पडला, तो सुरेंद्रनाथ बानर्जी व फिरोजशहा या दोघांनाही लागला, आणि मवाळ व जहाल यांचा तंटा तेथेंच विकोपास गेला. तो जोडा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकांत जाऊन बसला आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत याच गृहस्थांवर मुंबईंत दुसरा एक हल्ला झाला होता. तो मतपत्रिकेनें झाला, म्हणून त्याचा गवगवा पुढें फारसा राहिला नाहीं. ज्या म्युनिसिपालिटीची घडी फिरोजशहांनीं स्वतःच्या हातानें बसविली होती, त्या म्युनिसिपालिटीच्या निवडणुकींत ते पडले, आणि तेही एका जागेनें.

ही घटना समजण्यास थोडें मागें जावें लागतें. १८६५ च्या कायद्यानें मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे व एका कमिशनराकडे सोंपविलेला होता. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. माणूस मोठ्या हिकमतीचा. पण खर्च करतांना तिजोरीकडे पाहण्याची त्यांना संवय नव्हती. रस्ते झाले, गटारें झालीं, १८६९ मध्यें त्यांच्या नांवाची मंडई उभी राहिली, आणि त्याबरोबर कर्जही वाढलें. १८७१ मध्यें करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजी त्यांचे पुढारी. एका माणसाच्या हातीं सगळी सत्ता दिल्यामुळें हा अनर्थ झाला, तेव्हां ती सत्ता काढून एका मंडळाकडे द्यावी, असा बहुतेकांचा सूर होता.

नोव्हेंबर १८७१ मध्यें फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरानें या विषयावर निबंध वाचला. फिरोजशहांचें म्हणणें लोकांना रुचणारें नव्हतें. कारभार पाहणारा अधिकारी एकच असावा, असें त्यांनीं सांगितलें. कारण दहा जणांनीं मिळून केलेल्या चुकीबद्दल कोणालाच धरतां येत नाहीं. दोष कमिशनराच्या एकटेपणांत नसून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सभेंत आहे, आणि ती सभा करदात्यांनीं निवडलेली असल्यावांचून ती नजर राहणार नाहीं. श्रोत्यांना यांतून एवढेंच ऐकूं आलें कीं, हा तरुण क्रॉफर्डसाहेबांची बाजू घेतो. सभेंत त्यांची हुर्यो झाली. पण पुढच्याच वर्षीं जो कायदा झाला त्याचा सांगाडा पुष्कळसा या निबंधांतल्यासारखाच होता.

१८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. पैकीं बत्तीस करदात्यांनीं, सोळा जस्टिसांनीं निवडावयाचे आणि सोळा सरकारनें नेमावयाचे. करदाता म्हणजे मात्र वर्षाला पन्नास रुपये पट्टी भरणारा. त्या सालच्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ भरली होती. तींत हा पन्नास रुपयेवाला किती विरळा असेल हें सांगावयास नको. तरीही हिंदुस्थानांत तेव्हां हें मोठेंच पाऊल समजलें गेलें, व तें खोटें नव्हतें.

पुढें १८८८ चा कायदा आला, आणि फिरोजशहांचें खरें काम तेथें आहे. सरकारचें मूळ बिल कमिशनराला मोकळें सोडणारें व कॉर्पोरेशनला बांधून टाकणारें होतें. कायदेमंडळांत फिरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग या दोघांनीं त्या बिलाचें कलमवार परीक्षण केलें. आजही अमलांत असलेल्या त्या कायद्याचें ६४ वें कलम पाहावें. अन्यथा स्पष्ट सांगितलें नसेल तेथें शहराचा म्युनिसिपल कारभार कॉर्पोरेशनच्या ठायीं राहील, असा त्याचा आशय आहे. सभासदांची संख्या बहात्तर झाली : वॉर्डांतून छत्तीस, जस्टिसांतून सोळा, सरकारनियुक्त सोळा, आणि विद्यापीठाचे फेलो व व्यापारी चेंबर यांचे दोन-दोन. याच कायद्यांत निवडणूक लढविण्यास कोण अपात्र आणि निवडणुकीविरुद्ध दाद कोठें मागावयाची, यांचीही कलमें आहेत. रूक्ष कलमें, पण त्यांतल्या एकाची गांठ पुढें पडावयाची आहे.

म्युनिसिपल सभासदाचें काम म्हणजे वक्तृत्व नव्हे. साधारण पट्टी, पाणीपट्टी, हलालखोर कर, चाकपट्टी असल्या शुष्क शब्दांत तें गुंतलेलें असतें. अंदाजपत्रकाच्या आंकड्यांत कोणत्या गल्लीला नळ येणार आणि कोणत्या मोरीचें पाणी आणखी दोन वर्षें रस्त्यावरून वाहणार, हें दडलेलें असतें. तें शोधून काढण्यास चिकाटी लागते. विहारच्या तलावाचें पाणी १८६० च्या सुमारास मुंबईस आलें, त्यावर तुळशीची भर पडली, तरी शहर तहानलेलेंच राहिलें, आणि मार्च १८९२ मध्यें तानसाचें पाणी सुरू झालें. एवढ्या दूरचें, एवढ्या खर्चाचें पाणी आणावयाचें तर प्रत्येक कर्जावर व प्रत्येक करारावर सभेंत वाद होणारच.

सभासदानें आपल्या वस्तीकडे कसें पाहावें याचा दाखला १८९६ चा आहे. डॉ. अकासियो व्हिएगास हे मूळचे गोव्याचे; मांडवी भागांत त्यांचा दवाखाना होता आणि म्युनिसिपालिटीचे ते सभासद होते. गोदीलगतच्या त्या दाट वस्तींत गांठ येऊन माणसें मरूं लागलीं, तेव्हां हा ग्रंथिक सन्निपात आहे, प्लेग आहे, असें त्यांनीं सप्टेंबर महिन्यांत स्टँडिंग कमिटीपुढें उघड सांगितलें. व्यापाऱ्यांना तें बोलणें गोड लागण्यासारखें नव्हतें. पुढें हेच डॉक्टर १९०६ मध्यें कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले.

प्लेगनेंच सरकारला निमित्त दिलें. मार्च १८९७ मध्यें जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली व म्युनिसिपालिटीच्या हातचे अधिकार तिच्याकडे गेले. १८९८ मध्यें शहरसुधारणेसाठीं वेगळा ट्रस्ट निघाला. लोकनियुक्त सभा बोलत बसते, काम करीत नाहीं, अशी अधिकाऱ्यांत समजूत होती. आणि त्या सभेचा अर्थ त्यांच्या लेखीं एकच होता : फिरोजशहा.

यांत तथ्य मुळींच नव्हतें असें मात्र नाहीं. फिरोजशहांचा सभेवरील दाब विलक्षण होता. १८८४, १८८५ आणि १९०५ असे तीन वेळां ते अध्यक्ष झाले होते. पण अध्यक्षाची खुर्ची असो वा नसो, त्यांच्या भुंवईकडे पाहून हात वर करणारे सभासद तेथें होते. विरोधकाला ते दयामाया दाखवीत नसत. मुंबईचा सिंह हें बिरुद स्तुतीचें खरें, परंतु सिंहाच्या शेजारीं बसणाऱ्यांना तें नेहमींच सुखाचें वाटत असेल असें नाहीं.

१९०७ च्या आरंभीं कांहीं युरोपियन अधिकाऱ्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं हा दाब मोडण्याचें ठरविलें. अकाउंटंट जनरल हॅरिसन हे सूत्रधार. पोलीस कमिशनर गेल, मुंबईचे कलेक्टर हॅच आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हे त्यांचे सहकारी. या कटाला मुंबईकर ‘कॉकस’ म्हणूं लागले, आणि तेंच नांव इतिहासांत राहिलें.

फिरोजशहा जस्टिसांच्या मतदारसंघांतून निवडून येत, आणि कॉकसनें नेमकें हेंच ठिकाण हेरलें. जागा सोळा. त्यांनीं सोळा नांवांची यादी केली, तींत हिंदी नांवेंही घातलीं, आणि फिरोजशहांचें नांव तेवढें वगळलें. ही युक्ति दिसते साधी, पण अचूक आहे. स्वतंत्र बुद्धीचा मतदार आपल्या पसंतीचीं नांवें इकडून तिकडून वेंचतो, त्यामुळें त्याच्यासारख्यांचीं मतें विखुरतात. यादीवाला मतदार मात्र सोळाच्या सोळा नांवांवर मुकाट्यानें खूण करतो. असे शिस्तीचे मतदार निम्म्याहून कमी असले तरी सगळ्या जागा त्यांच्याच पदरांत पडूं शकतात. त्यांतून मत मागणारे कोण? कलेक्टर आणि पोलीस कमिशनर. जस्टिस हा सरकारनेंच नेमलेला. कोणाला पदवीची आशा, कोणाला परवान्याची गरज. अधिकाराचें वजन मतांसाठीं वापरलें गेलें, हाच त्या वेळीं लोकांचा मुख्य आक्षेप होता.

निकाल लागला. यादींतले सोळाही निवडून आले. फिरोजशहांचें नांव सतरावें.

पस्तीस वर्षांपूर्वीं करदात्यांच्या सभेंत ज्या तरुणानें सांगितलें होतें कीं नजर ठेवणारी सभा लोकनियुक्त पाहिजे, तो स्वतः अजून जस्टिसांच्या मतांवर अवलंबून होता, हें या पराभवांतलें मर्म आहे. सरकारनें नेमलेल्या मतदारांकडून सरकारच्या विरोधकाला वर्षानुवर्षें मतें मिळत राहिलीं हीच खरें पाहतां नवलाची गोष्ट. त्या नवलाला फिरोजशहा हक्क समजत आले होते.

मग ते रूक्ष कलम पुढें आलें. निवडून आलेल्या सोळांपैकीं एका व्यापाऱ्याचा म्युनिसिपालिटीच्या कंत्राटाशीं संबंध होता, आणि असा हितसंबंध असणारा मनुष्य सभासद होण्यास १८८८ च्या कायद्यानें अपात्र ठरतो. स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज गेला. त्यांनीं त्या गृहस्थांची निवडणूक रद्द ठरविली आणि पुढच्या क्रमांकाचे उमेदवार म्हणून फिरोजशहांना निवडून आल्याचें जाहीर केलें. ज्या कायद्याच्या अक्षरांवरून त्यांनीं तेलंगांबरोबर रात्री खर्ची घातल्या असतील, त्याच कायद्यानें त्यांना दारांतून परत आंत घेतलें. कॉकसनें सगळा हिशेब केला होता. उमेदवाराच्या कंत्राटाची चौकशी तेवढी राहिली होती.

एप्रिलमध्यें माधवबागेंत निषेधाची प्रचंड सभा भरली. नामदार गोखले यांनींही तींत भाषण केलें. गोखल्यांना हा विषय परका नव्हता. पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीं नुकतींच कांहीं वर्षें काढलीं होतीं. अधिकाऱ्यांनीं निवडणुकींत हात घालावा याचा राग त्या सभेंत मनापासून व्यक्त झाला. आदल्याच वर्षींच्या गणतींत शहराची वस्ती पावणेदहा लाखांवर गेली होती. चाळींत राहून भाडें भरणारा, म्युनिसिपालिटीच्या नळावर रांग लावणारा, प्लेगमध्यें बिऱ्हाड हलविणारा जो मुंबईकर तो या शहराचा मोठा भाग. पण सर फिरोजशहांवर अन्याय झाला म्हणून त्यानें हळहळावें, यापलीकडे त्याच्या हातीं कांहीं नव्हतें. मतदारयादींत त्याचें नांवच नव्हतें. हा प्रश्न त्या गडबडींत फारसा कोणी विचारला नाहीं. कॉकसच्या कारस्थानाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण ज्या लहानशा मतदारसंघामुळें तें कारस्थान जमलें, त्याबद्दल कमी.

कॉकसचा जोर टिकला नाहीं. १९११ मध्यें फिरोजशहा चौथ्यांदा अध्यक्ष झाले. ‘टाइम्स’चें वागणें ते विसरले नसावेत, १९१३ मध्यें त्यांच्याच पुढाकारानें ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हें दैनिक निघालें, आणि हॉर्निमनसारखा निर्भीड संपादक त्याला लाभला. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं फिरोजशहा वारले, तोंपर्यंत कॉर्पोरेशनशीं त्यांचा संबंध सुटला नव्हता.

जस्टिसांचा मतदारसंघ १९२२ च्या कायद्यानें नाहींसा झाला. त्याच कायद्यानें दरमहा दहा रुपये भाडें देणाऱ्या भाडेकरूस मत मिळालें आणि चाळींतल्या बिऱ्हाडांतून पहिल्यानेंच म्युनिसिपल उमेदवारांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढच्या वर्षीं, १९२३ सालीं, बोरीबंदरासमोर म्युनिसिपालिटीच्या इमारतीपुढें सर फिरोजशहांचा पुतळा उभा राहिला. प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या मतावर मुंबईची पहिली म्युनिसिपल निवडणूक झाली ती त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १९४८ मध्यें.