सिमेंट मुंबईचे, नाव श्रीवर्धनचे: बॅरिस्टर अंतुले आणि कुलाब्याचा मतदार

१९८९च्या नोव्हेंबरमध्ये देशभर एकच शब्द गाजत होता: बोफोर्स. भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या वावटळीत राजीव गांधींचा काँग्रेस पक्ष चारशेहून अधिक जागांवरून १९७ जागांवर घसरला. त्याच निवडणुकीत रायगडच्या किनाऱ्याने लोकसभेत कोणाला पाठवले? सात वर्षांपूर्वी सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्रिपद गमावलेल्या बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना. तेही काँग्रेसच्याच तिकिटावर.

या कोड्याची दोन झटपट उत्तरे नेहमी दिली जातात. एक, लोक भोळे असतात. दोन, लोक जात आणि धर्म पाहून मत देतात. दोन्ही उत्तरे आळशी आहेत, आणि दोन्हींना याच मतदारसंघाचा इतिहास आडवा येतो.

आधी एक खुलासा. इथे कुलाबा म्हणजे दक्षिण मुंबईतील कुलाबा नव्हे. अलिबागसमोरच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावरून संपूर्ण जिल्ह्याला ते नाव होते. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. लोकसभा मतदारसंघ मात्र २००८च्या पुनर्रचनेपर्यंत कुलाबा याच नावाने ओळखला जात होता. जिल्ह्याचे नाव बदलणारे मुख्यमंत्री अंतुलेच. हा तपशील ध्यानात ठेवावा, त्याचे पुढे काम आहे.

हा मतदार आंधळेपणाने एकाच चिन्हावर शिक्का मारणारा नव्हता. १९५२ साली त्याने महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांना निवडून दिले. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि १९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत हीच जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. आणीबाणीनंतर १९७७ साली शेकापचे दि. बा. पाटील, १९८० साली पुन्हा काँग्रेस. पुढे जानेवारी १९८४मध्ये नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जासईच्या परिसरात आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षाअखेर इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत देश वाहून जात असताना कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिले. इतके जाणतेपणाने मत देणारा मतदार पाच वर्षांनी अंतुल्यांकडे वळतो, तेव्हा त्याच्या हिशेबाची वही उघडून पाहावी लागते.

अंतुले मूळचे सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेत गावचे. जन्म १९२९चा. विलायतेत बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९६२ साली विधानसभेत गेले. १९७८ साली काँग्रेस फुटली, तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक मातब्बर नेते इंदिरा गांधींच्या विरोधी गटात राहिले. अंतुले इंदिराजींबरोबर राहिले. त्या निष्ठेचे फळ ९ जून १९८० रोजी मिळाले. महाराष्ट्राचे ते पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. राज्यस्थापनेनंतर कोकणातून आलेले पहिले पूर्ण मुख्यमंत्रीही तेच. (१९६३ साली काही दिवस हंगामी कारभार पाहणारे बाळासाहेब सावंत कोकणचेच होते, म्हणून ‘पूर्ण’ हा शब्द.)

साखर कारखाने, सहकारी बँका आणि दूध संघ यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या राज्याच्या राजकारणात कोकणाकडे यांपैकी काहीच नव्हते. कोकणाकडे मुंबईहून येणारी मनीऑर्डर होती, नंतर आखातातून येणारा पैसा होता, आणि प्रत्येक दोन गावांच्या मध्ये एक खाडी होती. आंबेत आणि पलीकडचे म्हाप्रळ यांना जोडणारा सावित्रीवरील पूल घ्या. ज्याने तर ओहोटीची वाट पाहत नावेत घालवली असेल, त्याला पूल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आजही किनाऱ्यावर त्या पुलाचे श्रेय अंतुल्यांच्याच नावावर जमा आहे. रेवस ते रेड्डी असा संपूर्ण कोकण किनाऱ्याला जोडणारा सागरी मार्ग ही कल्पनाही त्यांचीच.

मुख्यमंत्री म्हणून त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळाले. तेवढ्यात निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना आली, सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन जिल्हे झाले, शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची घोषणा झाली. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याचीही घोषणा झाली. तलवार अर्थातच आली नाही. निर्णय झपाट्याने, बऱ्याचदा एकट्याने, आणि नियमांची फारशी तमा न बाळगता. चाहत्यांना त्यात धडाडी दिसे, विरोधकांना हुकूमशाही. एकच गुण दोन बाजूंनी पाहिला जात होता. अंतुल्यांविषयी मधले मत असणारा माणूस त्या काळी विरळाच असावा.

आता सिमेंट. आजच्या वाचकाला हे प्रकरण चटकन उमगत नाही, कारण आज सिमेंट दुकानात मिळते. तेव्हा ते नियंत्रित होते. कोणाला किती पोती मिळणार हे सरकारी परवान्यावर ठरे, आणि मुंबईत इमारती उठवणाऱ्या बिल्डरांसाठी तो परवाना सोन्याच्या मोलाचा होता. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. बिल्डरांना सिमेंटचा वाढीव कोटा मिळतो आणि त्याच सुमारास मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना त्यांच्या देणग्या पोहोचतात, असा आरोप त्यात होता. सर्वांत गाजला तो ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ हा न्यास. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांच्यातला संबंध मान्य केला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला.

माझ्या मते या कोड्याची किल्ली न्यासांच्या नावांत आहे. प्रतिभा प्रतिष्ठान साऱ्यांच्या लक्षात राहिले. पण वादात सापडलेल्या इतर न्यासांच्या नावांत कोकण होते, रायगड होते, श्रीवर्धन होते. पैसा मुंबईच्या बिल्डरचा, सिमेंट मुंबईच्या इमारतींचे, आणि पावतीवरचे नाव मात्र किनाऱ्याचे. गिरगावातल्या चाळकऱ्याला किंवा पुण्याच्या प्राध्यापकाला जी उघड उघड सौदेबाजी वाटली, ती म्हसळ्याच्या माणसाला कशी दिसली असेल? आजवर सारा ओघ इथून मुंबईकडे जात होता: माणसे, मासळी, आंबा, जमीन. प्रथमच कोणीतरी तो उलटा फिरवू पाहत होता.

हे समर्थन नव्हे. परवान्याच्या बदल्यात देणगी घेणारा मुख्यमंत्री राज्याच्या अधिकाराची विक्री करतो. ती देणगी शाळेसाठी असली तरी विक्री ती विक्रीच, आणि न्यायालयाने तेच अधोरेखित केले. शिवाय ज्याच्याकडे बिल्डर नाहीत अशा दुसऱ्या मागास तालुक्याचा वाटा त्यात बुडतो. पण मतदाराचा हिशेब न्यायालयाच्या हिशेबाहून वेगळ्या वहीत लिहिलेला असतो. न्यायालय विचारते, हे कृत्य कायदेशीर होते का? मतदार विचारतो, हा माणूस कोणासाठी बदनाम झाला?

बॉस्टनच्या इतिहासात याचे जुळे भावंड सापडते. जेम्स मायकल कर्ली हा आयरिश स्थलांतरितांचा नेता. एका ओळखीच्या माणसाच्या नावाने सरकारी नोकरीची परीक्षा दिल्याबद्दल तो तुरुंगात गेला, आणि १९०४ साली तुरुंगात असतानाच नगरपालिकेवर निवडून आला. प्रचाराचा सूर असा, की बिचाऱ्याने मित्रासाठी केले! १९४५ साली केंद्रीय आरोपपत्र डोक्यावर असताना त्याच बॉस्टनने त्याला महापौर केले. जुन्या धनिक घराण्यांच्या नगरात ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांना कर्ली आपला वाटे. १९४९ साली मात्र तो हरला, आणि हरला तो त्याच्या तुरुंगवासात कारभार सांभाळलेल्या जॉन हाइन्स या शांत अधिकाऱ्याकडून.

अंतुल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली: निकाल लांबला. भाजपचे रामदास नायक यांनी चालवलेला फौजदारी खटला कनिष्ठ न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा फिरत राहिला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले, की ते सोपवणेच चुकीचे होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निवाडा आजही अभ्यासावा लागतो. मतदाराच्या दृष्टीने अर्थ एवढाच झाला, की १९८९ साली अंतुले ना दोषी होते ना निर्दोष. अशा धुक्यात ज्याला जे पाहायचे असते ते दिसते. बाहेर ‘सिमेंट’ हा शब्द अंतुल्यांच्या नावाला चिकटला होता. किनाऱ्यावर ‘आपल्या माणसाला मोठ्यांनी खाली खेचले’ ही कथा तेवढीच पक्की होऊ शकत होती.

त्यांच्या धर्माचे काय? किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांना त्यांचा अभिमान होता, हे उघड आहे. पण तेवढ्या मतांवर इथे कोणी खासदार होत नाही. कुणबी, आगरी, कोळी, मराठा, दलित अशा सर्वांची मते लागतात. आणि जिल्ह्याला शिवरायांच्या राजधानीचे नाव देणारा, भवानी तलवारीसाठी हट्ट धरणारा मुख्यमंत्री मुसलमान होता, ही गोष्ट त्याच्या मित्र-शत्रू दोघांचीही पंचाईत करणारी होती. ते नामांतर श्रद्धेतून की धोरणातून, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही खरे वाटते, आणि राजकारणात ते बऱ्याचदा एकत्रच नांदते.

१९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४ अशा चार वेळा कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवले. मधल्या १९९८ आणि १९९९च्या निवडणुकांत जागा शेकापच्या रामशेठ ठाकूरांकडे गेली.

मग पश्चात्तापाचा प्रश्न येतो. डिसेंबर २००८मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, केंद्रीय मंत्री असलेल्या अंतुल्यांनी हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी शंका उपस्थित केली. करकरे यांना कामा रुग्णालयाच्या दिशेने कोणी पाठवले, असा त्यांचा प्रश्न होता. शहीदांच्या चिता विझतात न विझतात तोच केलेल्या त्या विधानाने देश पुन्हा दोन तटांत विभागला. गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत खुलासा केला, अंतुल्यांनी समाधान झाल्याचे सांगितले. काही महिन्यांतच निवडणूक झाली, आणि शिवसेनेच्या अनंत गीत्यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवले.

म्हणजे किनाऱ्याला पस्तावा झाला? थांबा. त्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघ अस्तित्वातच नव्हता. नव्या ‘रायगड’ मतदारसंघातून पनवेल, उरण आणि कर्जत वगळून मावळला जोडले होते. बदल्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर आले होते. गीते १९९६पासून रत्नागिरीचे खासदार होते. अंतुले नव्या घरात पाहुणे म्हणून आले, गीते अर्धे सामान घेऊन आले! या निकालाला निव्वळ पश्चात्ताप म्हणणारा इतिहासकार नकाशा न पाहता बोलतो.

पण नकाशानेही सारे उलगडत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेला श्रीवर्धनने अंतुल्यांच्या आघाडीतील राष्ट्रवादीच्या सुनील तटकऱ्यांना निवडून दिले. आघाडीविषयी तिथे एवढा राग नव्हता. वयाच्या ऐंशीत पोहोचलेल्या नेत्याविषयी मात्र काहीतरी संपले असावे. तो राग करकरे प्रकरणाचा, की थकव्याचा, की विधानसभेला स्थानिक गणितेच वेगळी होती? मतपत्रिकेवर कारणाचा रकाना नसतो.

पश्चात्ताप मोजणे अवघडच असते, कारण पस्तावलेला माणूस बहुधा गप्प राहतो. १९७२ साली रिचर्ड निक्सन यांनी अमेरिकेतील पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकली. वॉटरगेटनंतर त्यांच्या विरोधात गेलेल्या एकमेव राज्याच्या रहिवाशांनी गाड्यांवर पट्ट्या चिकटवल्या: मला दोष देऊ नका, मी मॅसॅच्युसेट्सचा आहे. उरलेल्या ४९ राज्यांतल्या निक्सनच्या मतदारांनी कोणती पट्टी लावायची होती?

रायगडच्या पुढच्या निवडणुकीत तर आणखी गंमत झाली. २०१४ साली गीत्यांनी तटकऱ्यांना अवघ्या २,११० मतांनी हरवले. त्याच यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याला जवळजवळ दहा हजार मते पडली. त्यांतली किती जाणूनबुजून दिलेली आणि किती बटण चुकल्याने, हे कोणालाही सांगता येणार नाही.

त्याच वर्षी २ डिसेंबरला अंतुले वारले आणि आंबेतला त्यांचे दफन झाले. रेवस आणि करंजाला जोडणारा पूल त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला संकल्प. तो बांधून झाला नव्हता. धरमतरच्या खाडीत रेवसहून करंजाला जाणारी लाँच तेव्हाही चालू होती.