बारव : बांधणी, पडझड आणि उपसा

बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येईल अशी दगडी विहीर. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून झिरपते. आश्विनात ते हाताशी असते, वैशाखात तळ गाठते. त्याच्या मागोमाग माणसाला उतरता यावे म्हणून पायऱ्या आल्या. आतले चिरे बहुधा चुन्यावाचून, नुसते एकमेकांवर बसवलेले असतात. सांधे लिंपले तर झरेही बुजतात. ‘अपराजितपृच्छा’ या बाराव्या शतकातील शिल्पग्रंथात वापीचे, म्हणजे बारवेचे, चार प्रकार आहेत : एका तोंडाची नंदा, दोन तोंडांची भद्रा, तीन तोंडांची जया आणि चार तोंडांची विजया.

बारव बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि ती राखणेही. पडक्या विहिरीचा, तलावाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते, असे विष्णुस्मृती सांगते. पण बारवा टिकल्या त्या मुख्यतः रोजच्या वापरामुळे. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646 या काळात बांधून घेतली. ती अष्टकोनी असून सुमारे 110 फूट खोल आहे. बैल धावेच्या उताराला लागले की नाडा ताणला जाई, कातड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होऊन पाणी पाटाने शेताला जाई. ज्यांचे रान अशा विहिरीवर भिजे, त्यांना उन्हाळ्यात गाळ काढावाच लागे.

हे पाणी गावाचे असले तरी सगळ्या गावाचे नव्हते, हेही या इतिहासात नोंदवलेच पाहिजे. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावण्यासाठी 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला.

पायऱ्यांची सोय एका बाबतीत घातकही ठरली. नारू हा जंताचा रोग झालेल्या माणसाने पाण्यात पाय बुडवला की जखमेतून अळ्या पाण्यात जात आणि ते पाणी पिणाऱ्याला सुमारे वर्षभराने नारू होई. म्हणून 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाणी वरून ओढण्याची व्यवस्था केली गेली. हा निर्णय योग्यच होता : देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला. तोवर विजेचे पंप, 1972 च्या दुष्काळानंतर वाढलेल्या कूपनलिका आणि नळ यांनी मोट संपवली होती. वापर थांबला, उपसा थांबला, आणि बारवांत गाळ, कचरा साठत गेला, बाभळी माजल्या.

2020 नंतर ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ आणि गावोगावचे तरुण यांनी बारवा शोधून नकाशावर नोंदवायला आणि श्रमदानाने मोकळ्या करायला सुरुवात केली. महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावण्याचा परिपाठही पडला. परभणी जिल्ह्यात वालूरची बारव, जिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे जातात, अशीच गावकऱ्यांच्या कष्टाने पुन्हा उघडी झाली.

काम दिसते त्याहून नाजूक आहे. खोल विहिरीत विषारी वायू साठलेला असू शकतो, म्हणून हवा खेळती असल्याची खात्री करूनच उतरतात. पिंपळ-उंबराची मुळे ओढून काढली तर चिरे सुटतात; ती कापून जागीच मारावी लागतात. गाळ घमेल्याने वर चढतो, साखळीतल्या हातांवरून. जेसीबीचा एक धक्का पायऱ्यांची अख्खी ओळ ढासळवू शकतो. गाळात सापडलेले कोरीव दगड, मूर्ती आणि शिलालेख यांची जागा नोंदवून ते जपून ठेवायचे असतात. निखळलेले चिरे क्रमांक घालून परत बसवायचे. सांधे सिमेंटने भरणे किंवा भिंती ऑइलपेंटने रंगवणे हे बारवेचे सर्वांत मोठे नुकसान. बारव संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून दगडाला हात लावता येत नाही.

परिसराची आखणी याच कामात येते : सांडपाण्याच्या गटारी दूर वळवणे, काठाची झुडपे काढणे, कचरा टाकण्याची जागा बदलणे. पाणी पिण्याजोगे आहे का, हे तपासणीनंतरच ठरते. तोवर ते झाडांना आणि गुरांना वापरले, तर उपसा चालू राहतो आणि झरे मोकळे राहतात.