अधिष्ठानाची नक्कल

तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, सुमारे 216 फूट उंच आहे, आणि पहिल्या राजराज चोळाने इसवी सन 1010 च्या सुमारास पूर्णत्वास नेलेल्या या देवालयापुढे जो उभा राहतो त्याची दृष्टी सहजच शिखराकडे जाते. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप याने 1858 साली येथे घेतलेल्या एका चित्रात मात्र ते शिखर नाही. आहे ती केवळ पायथ्याची पाषाणपट्टी व तीवर कोरलेली तमिळ अक्षरे. 21 छाप एकास एक जोडून सिद्ध झालेले हे चित्र सुमारे 19 फूट लांब भरते.

वास्तूचे चित्र घेणारा बहुधा कोपरा धरून उभा राहतो, म्हणजे दोन भिंती दूर पळतात आणि इमारतीला घनता येते. ट्राइपलाही ते सौंदर्य परके नव्हते. इतरत्र तर कोरे आकाश खटकले म्हणून निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगविण्याइतका तो चोखंदळ होता. येथे मात्र त्याने यंत्र भिंतीसमोर ठेवले, आणि एक तुकडा टिपून झाला की ते बाजूला सरकवून पुढचा टिपला. त्यामुळे या चित्रात सर्व रेषा जेथे मिळाव्यात असा एकच बिंदू उरत नाही, पाहणाऱ्याला एका जागी उभे राहून ते सामावून घेता येत नाही, आणि अधिष्ठानाच्या, म्हणजे पायथ्याच्या, आडव्या थरांचा हात धरून त्याला सांध्यामागून सांधा ओलांडीत चालावे लागते. उंचीचा गर्व वाहणारी वास्तू अशी लांबीत उलगडावी, हा मला या चित्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

कारण हा पायथा म्हणजे देवस्थानाचे दप्तरच आहे. राजाने व राजकुळाने अर्पिलेल्या मूर्ती व अलंकार, तोडून दिलेली गावे, सेवेसाठी आणविलेल्या 400 नर्तिका आणि त्यांची वेतने, असा सारा तपशील तेथे व प्रांगणाच्या भिंतींवर कोरलेला आहे. त्याच प्रांगणाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, तो याच परंपरेला अनुसरून. आणि ट्राइप तेथे पोहोचला तेव्हा भोसल्यांचे संस्थान खालसा होऊन अवघी तीन वर्षे लोटली होती.

1859 साली मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी ट्राइपचे खाते सरकारी तिजोरीला न शोभणारी चैन ठरवून त्याचे काम थांबविले. पायथ्यावरचे हे चोळलेख वाचून त्यांचे मूळ पाठ कोरीव लेखांचे अभ्यासक हुल्ट्श यांनी छापावयास आरंभ केला तो 1891 साली, या चित्रानंतर 33 वर्षांनी.